नाराओकाचं उलटं नाव

चार-शून्य असा सपाटून मार खाऊन त्सुनेहामा डॉक या फुटबॉल संघाचे अकरा खेळाडू रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांपुढे आले, ओळीनं उभे राहिले, कमरेत वाकले आणि निघून गेले. म्हणजे दहा जण गेले. अकरावा तसाच वाकून राहिला, आणि तोही नेमका चिनात्सुच्या समोर.

चिनात्सु कठड्याच्या अलीकडे, छत्री हनुवटीखाली दाबून, बॅनरच्या भिजलेल्या गाठी सोडवत होती. आज ती पहिल्यांदाच एकटी आली होती. समोर हा उंचापुरा गोलकीपर. हातमोज्यांतून पाणी ठिबकतंय, केस कपाळाला चिकटलेत, मान खाली. एक... दोन... पाच... दहा मोजून झाले तरी हलेना. याची कंबर धरली की काय, असं तिला वाटून गेलं.

“अहो—” ती म्हणाली. “सरळ व्हा ना.”

तो सरळ झाला. डोळे लाल झाले होते. पावसानं झाले असतील.

“गेन्जो-सानना सांगा, मला समजलं.”

“काय समजलं?”

“त्यांना जे म्हणायचं होतं ते. चाळीस वर्षांत ज्या माणसानं चकार शब्द काढला नाही, त्यानं आज...” तो थांबला. “बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही त्यांची मुलगी ना?”

“हो, पण बाबांची पाठ—”

“मागच्या सामन्यातला तिसरा गोल मी सोडायला नको होता.”

एवढं बोलून तो पुन्हा वाकला, या वेळी थोडक्यात आटपलं, आणि चिखल तुडवत निघून गेला. चिनात्सु त्याच्या पाठीकडे बघत राहिली. छान रुंद पाठ होती. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती कठड्यावरून ओणवी होऊन खाली बघायला लागली.

नाराओका. त्या गोलकीपरचंच नाव. तीन जपानी चित्राक्षरं, तिच्या बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली, निळ्यावर पांढरी. तिन्ही अक्षरं शीर्षासन करत होती.

“अगं बाई...”

बॅनर उलटं टांगणं म्हणजे काय, हे त्सुनेहामातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंडावर कुणाला ‘जा’ म्हणायचं नाही, ते असभ्य. शिव्या द्यायच्या नाहीत, ते तर त्याहून असभ्य. बॅनर उलटं लावायचं आणि गप्प बसायचं. ज्याचं नाव, त्यानं काय ते समजून घ्यायचं. आणि चिनात्सुनं तर बापडीनं पावसाच्या घाईत वरून हात घालून चार दोऱ्या बांधल्या होत्या. कापडाला जाड अस्तर. मागून अक्षराचा मागमूस दिसत नाही. बांधलं आणि त्याच्याच मागे, वरच्या पायरीवर जाऊन बसली.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. तिची नजर कठड्यावरून सरकत गेली. अकरा बॅनर होती. अकराच्या अकरा उलटी.

“पोरी!” कुणीतरी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. कामेदा-सान. वय वर्षं चौऱ्याहत्तर, बंद पडलेल्या शिपयार्डातले जुने वेल्डर, आणि संघाचा ढोल तीस वर्षं बडवणारे. “तुझा बाप वाघ आहे, वाघ! आम्हाला वाटायचं, आपण कशाला बोला. पण गेन्जोचं बॅनर उलटं बघितलं आणि म्हटलं, बास. गेन्जोसारखा माणूस उलटं लावतोय म्हणजे वेळ आलीच. मी माझं फिरवलं, माझं बघून बाकीच्यांनी फिरवलं. आज ढोलाला हात लावला नाही मी. बघितलंस ना?”

“कामेदा-सान, ते खरं म्हणजे...”

“काही बोलू नकोस. बापाला सांग, कामेदा त्याच्या पाठीशी आहे.”

म्हाताऱ्याचे डोळे असे चमकत होते की चिनात्सुनं नुसती मान डोलावली.

*

गेन्जो घरी पालथा पडून, पाठीवर गरम पिशवी ठेवून रेडिओ ऐकत होता. लेकीनं सगळं सांगितल्यावर त्यानं उशीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय ते कळेना.

“बाबा, मी उद्या जाऊन सगळ्यांना सांगते.”

“खबरदार!” उशीतून आवाज आला. “कामेदा जीव देईल. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटतंय की आपण काहीतरी केलं. तू काही बोलू नकोस, मीही बोलत नाही.”

झालं. बापलेकीची अळीमिळी गुपचिळी ठरली.

गेन्जोचंही खोटं नव्हतं. त्सुनेहामा डॉक हा एके काळी देशाचा अजिंक्य संघ, तोही एकदा नव्हे, तीनदा. शिपयार्डातली माणसं दिवसभर जहाजं सांधायची आणि रविवारी मैदान मारायची. सामन्याच्या दिवशी अठरा हजार लोक यायचे, न्हाव्याची दुकानंसुद्धा बंद असायची. मग जहाजांची कामं समुद्रापलीकडे गेली. शिपयार्डाचा दरवाजा बंद झाला तो झालाच. देशात पगारी खेळाडूंची बडी लीग आली. तिच्या अटी ऐकूनच संघ घाबरला आणि खालीच राहिला. मग आणखी खाली. मग आणखी. आता तो पाच-सहा जिल्ह्यांच्या लीगमध्ये शेवटून दुसरा होता, आणि शेवटचे दोन संघ थेट जिल्हा लीगमध्ये ढकलले जाणार होते. अठरा हजारांच्या पायऱ्यांवर त्या दिवशी त्रेचाळीस माणसं बसली होती. तरी कठड्यावर अकरा बॅनर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

*

बुधवारी दुपारी गेन्जोच्या झेंडे रंगवायच्या दुकानाची काच सरकली. नाराओका आत आला आणि त्यानं टोपी काढली.

चिनात्सुच्या हातातला ब्रश खाली पडला.

डोक्यावर एक केस नव्हता. तकतकीत चमनगोटा!

“रिवाजाप्रमाणे डोकं भादरून गेन्जो-सानची माफी मागायला आलोय,” तो म्हणाला. “सगळ्या संघानं केलंय. अध्यक्षांनी पण. त्यांनी आधी केलं, मग आम्हाला राहवेना.”

अध्यक्ष म्हणजे गाद्यांचं दुकान चालवणारा साठीतला गृहस्थ. मुळात त्याच्या डोक्यावर मोजून वीस-पंचवीस केस होते. तेही गेले म्हटल्यावर चिनात्सुला हसावं की रडावं कळेना. तिनं ओठ चावले. पण हसू डोळ्यांतून बाहेर पडायचं ते पडलंच.

“हसा,” तो म्हणाला. “फॅक्टरीत सगळे हसले. वड्यांच्या ताटात माझं प्रतिबिंब बघून मीही हसलो.”

नाराओका माशाच्या वड्या करण्याच्या कारखान्यात कामाला होता. पहाटे चारला जायचा, दुपारी तीनला सुटायचा. वड्यांचा एक पुडा त्यानं अदबीनं पुढे केला. आतल्या खोलीतून गेन्जोनं “तुझी चूक नाही रे बाबा” असं तीन-तीनदा सांगितलं. तितक्या वेळा नाराओका जास्तच खाली वाकला. मोठ्यांनी क्षमा केली की अपराध मोठा होतो, अशी इथली रीत.

“बाहेर ऊन फार आहे का हो?” चिनात्सुनं साळसूदपणे विचारलं.

“नाही. का?”

“दुकानात एकदम उजेड पडलाय.”

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. कान लाल झाले. आता लपायला केसही नव्हते बिचाऱ्या कानांना.

समोर लांबलचक कापड ताणलेलं होतं. कुणी नवी होडी घेतली की सोयरेधायरे भेट देतात तो झेंडा: लाल सूर्य, उसळत्या लाटा, भलामोठा मासा. पूर्वी महिन्याला वीस व्हायचे. या वर्षातला हा चौथा. चिनात्सु भाताच्या खळीनं माशाची रेघ काढत होती. खळ जिथे असेल तिथे रंग चढत नाही, आणि धुतलं की पांढरी रेघ उमटते.

“मी... हे टोक धरू का?” त्यानं विचारलं.

“ताणलेलंच आहे ते.”

“तरीपण.”

त्यानं धरलं. अर्धा तास धरून उभा होता.

पुढच्या बुधवारी तो पुडा घेऊन पुन्हा आला. म्हणे गेन्जो-सानच्या पाठीला वड्या चांगल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी म्हणाला, हातमोजा उसवलाय, टाके घालून मिळतील का. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. हातमोजा उसवलेला नव्हता, उसवून आणलेला होता; शिवणाऱ्या बाईला कळत नाही असं वाटतं की काय पुरुषांना? चिनात्सुनं मुकाट्यानं टाके घातले. मात्र अगदी सावकाश घातले.

खरं बोलणं झालं होतं ते दुसऱ्या बुधवारी. ती कापड धूत होती, तो हौदाच्या कडेला बसला होता. पाण्यात खळ विरघळून माशाचे खवले एकेक करून उघडे पडत होते.

“अकिताहून पत्र आलंय,” तो म्हणाला. “माझ्या गावाहून. माझे जुने सर निवृत्त होतायत. शाळेच्या संघाला शिकवायला ये म्हणतायत. हंगाम संपेपर्यंत उत्तर द्यायचंय.”

“बर्फातलं गाव ना?”

“डोक्याएवढा बर्फ.” तो हसला. मग हसू विरलं. “दोन महिने ठरत नव्हतं. सात वर्षं आहे इथे. वाटायचं, संघ तळाला चाललाय, अशा वेळी सोडून कसं जायचं... पण त्या दिवशी तुमचं बॅनर बघितलं. म्हटलं, मीच कशाला अडून बसलोय? इथे गावालाच नको आहोत आपण.”

चिनात्सुचे हात पाण्यात थांबले. सांग. आत्ता सांग. तिनं तोंड उघडलं— आणि आतून गेन्जोचा खोकला ऐकू आला. चांगला ठसठशीत, मुद्दाम काढलेला खोकला.

“पाणी गार आहे,” ती म्हणाली.

स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

*

गंमत अशी की संघ सुधारला. चमनगोट्यांचा संघ बघायला म्हणून साठ माणसं आली, मग शंभर. गावातल्या बायका पोराबाळांना घेऊन यायला लागल्या. अकरा गोटे पावसात धावताना बघून पोरं टाळ्या पिटायची, आणि टाळ्या ऐकून गोटे आणखी धावायचे. एक सामना बरोबरीत सुटला. एक जिंकला— चौदा महिन्यांत पहिला! कामेदा-साननी ढोल पुन्हा काढला आणि स्वतःचं बॅनर सरळ केलं. त्यांचं बघून सगळ्यांनी केलं. “बघितलंस?” ते चिनात्सुला म्हणाले, “कधीकधी कडू बोलावं लागतं.”

चिनात्सु दर सामन्याला जायला लागली. तिला आता कॉर्नर कळत होता, ऑफसाइड अजून कळत नव्हता. पण गोलकीपर डावीकडे झेपावायच्या आधी उजवा खांदा किंचित खाली सोडतो, हे गावात फक्त तिलाच ठाऊक होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला असलंच काहीबाही ठाऊक असतं. आणि ती पडली होती, चांगली सपशेल. बुधवारी सकाळपासून तिच्या हातून रेघ वाकडी यायची.

एकदा तिनं विचारलं होतं, अगदी सहज, धागा दातानं तोडता तोडता, “मग... अकिताचं ठरलं?”

“ठरलं,” तो म्हणाला, आणि हातमोजा उलटसुलट करून बघत राहिला.

पुढचं विचारायची तिची छाती झाली नाही.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती बापासमोर जाऊन बसली.

“बाबा, उद्या मी त्याला सांगणार. तुम्ही कितीही खोका.”

गेन्जो आता काठी घेऊन हिंडत होता. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली.

“कामेदाला नको सांगूस म्हटलं होतं मी,” तो म्हणाला. “त्याला सांगू नकोस असं कधी म्हटलं? खोकला खरंच आला होता गं मला.”

*

जिंकलं तर टिकायचं, नाहीतर जिल्हा लीग. मैदानावर तीनशे बारा माणसं आली होती. अध्यक्षांनी दोनदा मोजली. सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती. चिनात्सुनं कठड्यावरून हाक मारली, तसा नाराओका चेंडू सोडून आला.

“एक सांगायचंय. आधी वचन द्या, रागावणार नाही.”

“वीस मिनिटांत सामना आहे.”

“मग वीस मिनिटांत राग आवरा.” तिनं डोळे मिटून घेतले. “ते बॅनर मी उलटं लावलं नव्हतं. म्हणजे मीच लावलं, पण... चुकून. मागून काही दिसत नाही हो! अस्तर आहे त्याला. पाऊस होता, छत्री हनुवटीत होती—”

पलीकडे हातमोज्याचा पट्टा चर्रकन सुटला.

“म्हणजे गेन्जो-सान...”

“घरी पालथे पडून रेडिओ ऐकत होते.”

“आणि कामेदा-सान?”

“त्यांनी बाबांचं बघून लावलं. बाकीच्यांनी त्यांचं बघून.”

“अध्यक्ष?”

“हो.”

तिनं एक डोळा उघडला. त्यानं हातमोजा काढला होता आणि डोक्यावर उगवलेल्या पेरभर केसांतून हात फिरवत होता.

“आणि हे?”

“ते पण...” तिचा आवाज फुटला. “म्हणून सांगतेय. जायचं तर जा. पण गावाला नकोसे झालात म्हणून जाऊ नका. तुम्हाला कुणीही जा म्हटलेलं नाही, कुणीही नाही. मी तर—”

प्रशिक्षकाची शिट्टी वाजली. तो तिच्याकडे बघत दोन पावलं मागे गेला, वळला आणि धावत सुटला. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

त्या दिवशी तो झपाटल्यासारखा खेळला. एक पेनल्टी अडवली, डावीकडे झेपावून. पण एक गोल झालाच, आणि डॉकनं तो फेडला शेवटची दहा मिनिटं उरली असताना. एक-एक. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला तेव्हा नाराओका स्वतःचं गोल मोकळं टाकून पुढे धावत गेला. सगळ्यांपेक्षा वर उडाला. चेंडू त्याच्या कपाळाला लागून आडव्या दांड्यावर आपटला... आणि बाहेर गेला.

संपलं. नव्वद वर्षांत पहिल्यांदाच त्सुनेहामा डॉक जिल्हा लीगमध्ये गेला.

खेळाडू ओळीनं उभे राहिले. लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम. चिनात्सु कठड्याला धरून उभी होती. ओळ मोडली, तसा तो सरळ तिच्याकडे आला आणि एका ढांगेत कठड्यापाशी वर चढला.

“अकिताला पत्र टाकलंय,” तो धापा टाकत म्हणाला.

“कधी?”

“पाच आठवडे झाले. दुसऱ्या बुधवारी. तुमच्याकडून निघालो ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी थांबलो. खिशात दोन पत्रं होती. एक ‘येतो’ म्हणणारं, एक ‘येत नाही, माफ करा’ म्हणणारं.”

“मग?”

“माफी मागितली सरांची.”

“पण... पण तेव्हा तर तुम्हाला वाटत होतं की गावाला तुम्ही नको आहात!”

“हो. त्रेचाळीस माणसांना नको होतो. त्यात तुम्हीही होता, असंच धरून चाललो होतो मी.” त्यानं कपाळावरचा चिखल पुसला, म्हणजे आणखी पसरवला. “पण म्हटलं, नकोसा तर नकोसा. बुधवारी दुकानात येऊन बसलो तर हाकलत तर नाही ना अजून.”

“आणि मला सांगितलं नाहीत! मी पाच आठवडे इथे रोज मरतेय—”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तो एकदम गंभीर झाला. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीला चिकटवले, आणि तीनशे बारा माणसांसमोर, शाळकरी पोरानं धडा म्हणावा तसं खणखणीत आवाजात म्हणाला:

“चिनात्सु-सान, मला तुम्ही आवडता. संघ जिल्हा लीगमध्ये गेलाय, मी वड्या करतो, केस अजून यायचेत. तरी माझी साथ द्याल का?”

आजूबाजूचं रडणं जरा थांबलं.

“हो,” चिनात्सु म्हणाली. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, “हो!” आणि त्याचा चिखलानं बरबटलेला हात धरला. रंगानं निळी झालेली आपली बोटं त्या बोटांत अडकवली आणि सोडली नाहीत.

मग तिला खरंच रडू आवरेना. पलीकडून ढोल गळ्यात अडकवलेले कामेदा-सान आले. त्यांना कानानं जरा कमी ऐकू यायचं. या दोघांचं काय चाललंय ते त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. स्वतःचे डोळे पुसले.

“रडू नकोस पोरी. फार तर एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा वर येतो की नाही बघ.”

“दोन लागली तरी चालतील,” नाराओका त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला. “मी आहे इथेच.”